खुंट अडीच फुटांचे

मोसंबीची बाग एकदम मरत नाही. आधी एखाद्या झाडाच्या बुंध्यावर डिंक दिसतो, मग शेंड्याकडची पानं पिवळी पडतात, आणि पुढे ते झाड जागच्या जागी वाळून उभं राहतं. शेजारची झाडं मात्र खुशाल बहर धरतात. गंगापूर, पैठण, जालना या पट्ट्यात 'डिंक्या' रोग ठाऊक नसलेला बागायतदार शोधून सापडायचा नाही. २०१२-१३च्या दुष्काळाची गोष्ट वेगळी. तेव्हा पाण्यावाचून अख्ख्या बागा गेल्या आणि लोकांनी त्या मुळासकट काढून वावर मोकळं केलं. तिथं ट्रॉली कुठूनही घाला, कुठंही वळवा. एरवीचं दुखणं हे की उभ्या, जित्या बागेतून मेलेलं झाड बाहेर काढायचं कसं.

*

सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी २७७ झाडं बसतात. कागदावर ओळींमधला रस्ता वीस फुटी. प्रत्यक्षात मोसंबीचा घेर जमिनीला टेकतो, मधे उरते जेमतेम ट्रॅक्टरची वाट. बुंध्याच्या दोन्ही अंगांनी ठिबकच्या नळ्या. त्यात ट्रॉली घातली तर ती आत जाते, पण बाहेर येताना रिव्हर्स घ्यावी लागते, आणि दोन चाकी ट्रॉली रिव्हर्स घेणं ही ज्याला येते त्यालाच येणारी विद्या आहे. म्हणून मग लाकडं डोक्यावर नाहीतर टोचन.

*

टोचनाबद्दल थोडं सविस्तर, कारण त्यात माणसं जातात.

ओंडक्याला साखळी बांधून ओढायचा असेल तर साखळी खाली, ड्रॉबारलाच अडकवायची. बरेच जण ती टॉपलिंकच्या, म्हणजे वरच्या दांड्याच्या, कानात अडकवतात, का तर ओंडक्याचं तोंड वर उचलून राहतं आणि मातीत घुसत नाही. सोय खरी आहे. पण ओंडका एखाद्या बुडख्याला अडला की मागची चाकं फिरायची थांबतात, इंजिनाचा जोर मात्र थांबत नाही. चाकं फिरत नाहीत म्हणून ट्रॅक्टरच मागच्या धुऱ्याभोवती फिरतो. पुढची चाकं उचलली जातात आणि क्लच दाबायला सुचेपर्यंत ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर असतो. हे सगळं एक-दीड सेकंदात होतं. साखळी धुऱ्याच्या खाली, ड्रॉबारला असेल तर उलटण्याचा हा धोका खूपच कमी होतो.

शिवाय घासत आणलेला ओंडका ठिबक ओरबाडतो आणि वरवर पसरलेली तंतुमुळं सोलतो. डिंक्याची बुरशी जमिनीतच असते. तिला अशी जखम हवीच असते.

*

म्हणजे लाकूड उचलून न्यायला हवं. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन कानांना अडकणारी एक उभी चौकट, तिच्या तळाला मागे आलेले तीन दात, कडेला काढता-घालता येणारे खुंट. लिफ्ट खाली करायची, लाकडं रचायची, लिफ्ट वर घ्यायची, चालू पडायचं. वळायला जागा ट्रॅक्टरपुरतीच लागते. बागेच्या कडेपर्यंत हे. तिथून पुढे रस्त्यावर ट्रॉली. दोन्ही कामं एकाच अवजाराकडून करून घ्यायचा हट्ट धरला की दोन्ही बिघडतात.

*

वाळूजला असलं काही बनवून घेणं सोपं. १९८५मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग करणारे छोटे-मोठे कारखाने आले, आणि रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर ही आसपासची शेतीची गावं बघता बघता कामगारांच्या खोल्यांनी भरली. दिवसा प्रेसशॉपमध्ये ब्रॅकेट मारणारा माणूस सुट्टीच्या दिवशी गावी जाऊन कल्टिव्हेटरचा फण सरळ करतो. भंगारच्या दुकानात पत्र्यातून गोल चकत्या कापून घेतल्यावर उरलेल्या भोकाभोकांच्या पट्ट्या मिळतात. निम्म्या गोठ्यांची फाटकं त्याच पट्ट्यांची. आमच्या चौकटीच्या पाठीलाही तीच लावली. लाकडाची ढलपी उडून ड्रायव्हरच्या मानेवर येत नाही, आणि मागचं दिसतंही.

*

फॅब्रिकेशनवाल्याची पद्धत बघण्यासारखी. तो कागदावर काढत नाही. कोब्यावर खडूने पुऱ्या मापाची चौकट आखतो, चॅनेलचे तुकडे त्या रेघांवर मांडतो, कोपऱ्यांना एकेक टाका मारतो आणि मग टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजतो. दोन सुतांचा फरक निघाला की हातोडीचा एक ठोका, पुन्हा माप. कर्ण जुळल्याशिवाय पुरा वेल्ड नाही. गुण्या जवळ असतो, पण मोठ्या चौकटीला त्याचा भरवसा धरत नाही. "गुण्या कोपऱ्यापुरतं खरं बोलतो," असं त्याचं मत.

वेल्डही एका बाजूने सरळ ओढत नेत नाही. इकडे दोन इंच, मग समोरच्या कोपऱ्यात दोन इंच. एकाच अंगाने तापवत गेलं तर चॅनेल त्या अंगाला ओढलं जातं, आणि थंड झाल्यावर दात आकाशाकडे बघतात.

गॅल्व्हनाइज पाइप त्याच्याकडे भंगारात स्वस्त पडला होता. तो नको म्हटलं. जस्ताचा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्यावर दूध प्यावं असंही पक्कं ठाऊक असतं. दुधाने काही होत नाही.

*

सामान. दातांना ७५ मिमीचं चॅनेल, मीटरला साधारण सात किलो. उभ्या चौकटीलाही तेच. आडव्यांना पन्नासचा अँगल, सहा मिमी जाडीचा. रॉड दहा नंबरचा. एवढ्यात चौकट ऐंशी-नव्वद किलोत बसते.

गिऱ्हाईक मात्र म्हणतं, शंभरचं चॅनेल टाका, मजबूत होऊ द्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याला हात लावीनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. आता उलटं झालंय. जितकं लोखंड जास्त तितका माल चांगला, असा समज. पण ही चौकट ट्रॅक्टरने हवेत धरायची आहे. तिच्यात घातलेला प्रत्येक जादा किलो लाकडातून वजा होतो.

*

ही तीन कानांची जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडमधल्या माणसाची. १९३८मध्ये त्याने हेन्री फोर्डशी नुसत्या हातमिळवणीवर करार केला आणि पुढच्या वर्षी ती जोडणी घेऊन फोर्डचा ९एन ट्रॅक्टर बाजारात आला. आपल्याकडे १९६०मध्ये मद्रासला टॅफे निघाली आणि मॅसी फर्ग्युसनच्या नावाने फर्ग्युसनचं अर्धं नाव शिवारात पोचलं.

त्याची खरी करामत नांगरात आहे. नांगर जमिनीत अडतो तेव्हा वरचा दांडा, म्हणजे टॉपलिंक, ट्रॅक्टरला पुढे ढकलतो आणि त्यामुळे पुढचं तोंड खाली दाबलेलं राहतं. काम जितकं अवघड, तितकी पकड घट्ट. सरपणाच्या चौकटीत हे सगळं उलट फिरतं. जमिनीची ओढ नाही, नुसतं मागे लटकलेलं मुकं वजन. टॉपलिंक ढकलत नाही, ओढते. म्हणून चौकटीचा वरचा कान, ज्याला कल्टिव्हेटरवर फारसा कोणी विचारत नाही, तो इथे सगळ्यात घट्ट हवा: दोन जाड पट्ट्या, मधे पिन, आणि पट्ट्या चौकटीच्या तळापर्यंत उतरवलेल्या. वरच्या आडव्या अँगलला नुसता चिकटवलेला कान एखाद्या खड्ड्यात उचकटून येतो.

*

पिना. लहान ट्रॅक्टरच्या जोडणीला खाली २२ मिमी, वर १९ मिमी. मोठ्याला २८ आणि २५. लेथवाल्या चाचांना "पिन करून द्या" म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न, "पुराने पिन का नाप लाए?" बरोबर आहे. दांड्याच्या टोकाच्या झिजलेल्या बॉलमध्ये नवी पिन ठोकून बसवण्यापेक्षा आधी बॉल बदलावा. माल ईएन-८चा घ्यावा. नट-बोल्ट पिनेच्या जागी घालू नये. आटे असलेला भाग कानात आला की तिथूनच झीज सुरू होते आणि एक दिवस बोल्ट तिथेच तुटतो.

*

आता मुख्य हिशेब.

"मामा, लिफ्ट अकराशे किलोची आहे. अकराशे किलो लाकूड जाईल ना?"

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पस्तीस एचपीच्या ट्रॅक्टरच्या कागदावर अकराशेचा आकडा असतो, आणि तो खोटा नाही. तो खालच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेला असतो. लाकडाचं वजन टोकाशी नसतं. ते दातांच्या मध्यावर, आणखी दीड फूट मागे असतं. भरलेली घागर छातीशी धरली तर जड नाही, हात लांब करून धरली की खांदे भरून येतात.

पण लिफ्टच्याही आधी दुसरीच गोष्ट हात टेकते. असा ट्रॅक्टर साधारण १७०० किलोचा धरू. त्यातलं चाळीस टक्के, म्हणजे ६८० किलो, पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांतलं अंतर १.८५ मीटर. लाकडाचा मध्य मागच्या धुऱ्यापासून १.३ मीटर मागे. १.३ला १.८५ने भागलं की सरळ निघतं: मागे टांगलेल्या प्रत्येक शंभर किलोमागे पुढच्या चाकांवरून सत्तर किलो उचलले जातात.

सहाशे किलो लाकूड आणि नव्वदची चौकट. पुढून ४८३ किलो गेले, उरले दोनशेच्या आत. लिफ्ट हे आरामात उचलते. स्टिअरिंग मात्र फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही, चाकं नुसती घासतात. ट्रॅक्टर हाकताना पुढच्या धुऱ्यावर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान वीस टक्के वजन असावं असा सर्वसाधारण नियम. इथे ते ३४० किलो. म्हणजे मागे टांगायचं वजन सगळं मिळून ४८५, चौकट वजा जाता लाकूड चारशेच्या आत. बांध, दांड, खड्डे गृहीत धरून मी साडेतीनशे म्हणतो.

अकराशेतून साडेतीनशे. ऐकणाऱ्याचं तोंड उतरतं.

*

पुढे बंपरला लोखंडी वजनं लावली तर? लावा, फायदा आहे. पुढच्या धुऱ्याच्याही पुढे टांगलेलं वजन त्या धुऱ्यावर आपल्या प्रत्यक्ष वजनापेक्षा थोडं जास्तच पडतं. पण मग ट्रॅक्टरचं एकूण वजन वाढलं, ते सगळं बागेच्या मातीवर. ओल्या काळ्या जमिनीत हे चाकोऱ्यांनी दिसतं, आणि चाकोरीत पाणी साचलं की डिंक्याला आवतणच.

*

वजनकाटा वावरात नसतो. लाकूड किती झालं हे कळायचं कसं? इथेच चौकटीची मापं कामाला येतात.

रुंदी चार फूट, दातांची लांबी तीन फूट, खुंटांची उंची अडीच फूट. तीस घनफूट. मोसंबीच्या फांद्या वेड्यावाकड्या. कितीही नेटकं रचलं तरी निम्म्याहून अधिक पोकळीच भरते. राहिलेल्या जागेत ओलं लाकूड साधारण साडेतीनशे किलो बसतं. म्हणजे खुंट भरले की वजन भरलं. मोजायला नको, सांगायला नको, ड्रायव्हर नवा असला तरी चालतं.

बाभळीचे सरळ ओंडके दाट बसतात, तेव्हा दोन फुटांवर थांबावं. त्यासाठी खुंटाला दोन फुटांवर पिवळा पट्टा मारून घेतला आहे.

खुंट चार फुटी करून मागणारे येतात. "रिकामा राहिला तर राहू दे की वरचा भाग." वरचा भाग रिकामा राहत नसतो. जागा दिसली की माणूस ती भरतो, मग ते सरपण असो की जीपचं टप.

*

लाकूड तोडल्याबरोबर न्यायची घाई कशाला, हा एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. तेच लाकूड जमिनीला टेकू न देता बागेच्या कडेला दोन-तीन महिने उन्हात ठेवलं की पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. डिझेल जाळून पाणी वाहून न्यायचं आणि ते चुलीत धूर करत जाळायचं, यात कोणाचा फायदा?

अपवाद रोगट झाडाचा. त्याचा बुंधा आणि मुळं बागेत ठेवू नयेत, लगेच बाहेर.

*

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचं, गणित वेगळंच. ती दिसायला ट्रॉलीभर, वजनाला हलकी. तिथं खुंट पुरत नाहीत, दातांवर आडवा ढीग घेऊन नाड्याने आवळावा लागतो. वजनाची भीती नाही, पण मागचं काही दिसत नाही.

आणि पऱ्हाटीला मुदत असते. २०१७-१८मध्ये शेंदरी बोंडअळीने कपाशीचं जे केलं ते कोणी विसरलेलं नाही. न फुटलेल्या बोंडांत अळी दडून राहते; बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीतून ती पुढच्या हंगामात पुन्हा वावरात उतरते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी बांधावर साठवू नका, असं कृषी खातं दर वर्षी सांगतं. चुलीसाठी म्हणून ठेवलेली गंजी शेजाऱ्याच्या कपाशीलाही भोवते. ज्याच्याकडे कुट्टी करायचं यंत्र आहे त्याने ती वावरातच कुटून मातीत घालावी. सरपणाला तुराटी आहे, बाभळीच्या फांद्या आहेत.

*

सरपण आता लागतं कुणाला, असं शहरातले विचारतात. गॅस घरोघर आहे. पण गॅसवर पंगतीचा भात होत नाही, आणि आंघोळीच्या पाण्यासाठी गॅस जाळणारी बाई मला अजून भेटायची आहे. ढाबे, भट्ट्या, स्मशानं आहेतच. वाळूजच्या कामगारखोल्यांत बंबाला मोसंबी-बाभूळ मिळत नाही. तिथं कारखान्यांतून मोडीत निघालेल्या पॅकिंगच्या फळ्या जळतात. हलकं लाकूड, भरकन पेटतं, भरकन संपतं. खिळे राखेत राहतात आणि राख ज्या परड्यात टाकली तिथं पोरांच्या पायात जातात.

*

कायद्याचं एक. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४चा कायदा आहे. साग, चंदन, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, अंजन ही त्याच्या अनुसूचीतली झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मोसंबी, बाभूळ त्या यादीत नाहीत. वाळलेली चिंच बांधावर आडवी पडली असली तरी हात लावण्याआधी विचारून घेतलेलं बरं.

*

वापरताना.

चौकट जमिनीपासून फूटभरच वर ठेवावी. उंच उचलून मिरवू नये. टॉपलिंक थोडी आखडून घ्यावी, म्हणजे लाकूड ट्रॅक्टरकडे कलतं. खालच्या दांड्यांच्या साखळ्या ताणून घ्याव्यात, नाहीतर वळणावर सगळं ओझं टायरला जाऊन घासतं. बांध किंवा चढ असेल तर रिव्हर्समध्ये चढावं. सरळ चढताना आधीच हलकं झालेलं पुढचं तोंड आणखी हलकं होतं. उचललेल्या चौकटीखाली हात घालू नये, लिफ्टचं तेल कधी सुटेल सांगता येत नाही.

चौकटीवर माणूस बसवू नये. रिकाम्या फेरीला पोरं हमखास चढतात. दातांवर पाय टेकायला जागा आहे ना, मग झालं.

मागचे दिवे लाकडाआड जातात. त्यामुळे ही चौकट घेऊन वाळूजच्या नगर रोडवर यायचंच नाही, अंधारात तर नाहीच. कारखान्यांची पाळी सुटते त्या वेळी त्या रस्त्यावर मोटारसायकलींची जी रीघ लागते, तिच्यात दात मागे काढून उभा राहिलेला ट्रॅक्टर म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणून बघावं.

*

बनवून घेणाऱ्यांना विनंती. फोनवर माप सांगू नका, ट्रॅक्टर घेऊन या. एकाच कंपनीच्या दोन ट्रॅक्टरांच्या खालच्या दांड्यांतलं अंतर सारखं असेलच असं नाही, आणि जुन्या गाडीच्या पिना किती झिजल्यात ते फोनवर दिसत नाही. चॅनेल पंच्याहत्तरचंच सांगा. खुंटांबद्दल घासाघीस करू नका. अडीच फुटांच्या वर मिळणार नाहीत.